अण्णांच्या हातून काहीच पुसलं गेलं नव्हतं

अण्णा गेले त्या दिवशी मी गलोंड्याच्या कारखान्यात टाइम ऑफिसच्या खिडकीशी हजेरीचे कागद लावत बसले होते. पहिल्या पाळीची माणसं डबे घेऊन झाडाखाली निघाली होती, तेवढ्यात महेशचा, माझ्या नवऱ्याचा, फोन आला. "वैशाली, घरी ये," एवढंच तो म्हणाला आणि फोन न ठेवता तसाच राहिला. त्याच्या मागे पंख्याचा आवाज येत होता. मी विचारलं, "अण्णा?" तो नुसता "हं" म्हणाला. माझे सासरे जेवून खुर्चीत बसले होते, तसेच बसल्या जागी गेले. महेशची त्या दिवशी दुसरी पाळी होती म्हणून तो घरात होता, नाहीतर संध्याकाळपर्यंत कुणाला कळलंही नसतं. मी सिल्वासाला घरी पोचले तेव्हा शेजाऱ्यांनी त्यांना खाली सतरंजीवर घेतलं होतं. खोलीत माणसंच माणसं होती, टीव्ही बंद होता, आणि रिमोट टीव्हीच्या वरच्या फळीवर, अगदी मागे सरकवून ठेवलेला होता. इतक्या गर्दीत माझी नजर आधी त्या रिमोटकडे गेली. मग अण्णांच्या चेहऱ्याकडे. तो क्रम माझ्या लक्षात आला आणि मला मान वर करवेना. असं का झालं, ते सांगायलाच हे लिहिते आहे.

नंतरचे दहा-बारा दिवस भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली होती. खडोलीची जुनी माणसं आली, साक्रीकडचे नातेवाईक गाडी करून आले, आमच्या इमारतीतल्या गुजराती बायका आल्या. प्रत्येकाच्या तोंडी एकच. सून असावी तर अशी. शेवटपर्यंत सांभाळलं हो पोरीने. एक वयस्क बाई माझा हात हातात धरून म्हणाल्या, "भामरेअण्णा सांगायचे ना आम्हाला, माझी सून मला टीव्हीवर पाहिजे तो पिक्चर लावून देते म्हणून." मी पदर तोंडाला लावला. त्यांना वाटलं मी रडतेय. मी रडत नव्हते… मला तिथून उठून जायचं होतं.

अण्णा म्हणजे वामन भामरे. साक्रीजवळच्या एका खेड्यातून आयटीआयचा दाखला आणि एक पत्र्याची पेटी घेऊन ते सिल्वासाजवळच्या खडोलीला आले आणि सूत बनवणाऱ्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन म्हणून लागले. मेंटेनन्स खात्यात. मोटर जळाली, पॅनेल बिघडलं, की रात्रपाळीचा सुपरवायझर कंपनीच्या इंजिनिअरला न उठवता अण्णांना उठवायचा, असं त्यांचे सोबती सांगतात. मी लग्न होऊन आले तेव्हा ते निवृत्तीला टेकले होते. मी डहाणूकडची, मास्तरांची मुलगी. सासरी अहिराणी बोलतात, बाहेर हिंदी, दुकानात गुजराती, आणि मला यातलं धड काहीच येत नव्हतं. पहिले चार दिवस मी जवळजवळ मुकी होते. पाचव्या दिवशी गुरुवार आला.

त्या कारखान्याची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असायची. संध्याकाळी अण्णा खोलीतला टीव्ही उचलून चाळीच्या ओट्यावर आणायचे, वायर खिडकीतून बाहेर काढायचे, आणि सीडी लावायचे. धुळे, नंदुरबार, जळगावकडची पोरंसोरं, संसारी माणसं, सगळी अंगणात बसायची. खाटा, पोती, मिळेल ते घेऊन. एक सिनेमा दोन सीड्यांमध्ये असायचा. पहिली संपली की अण्णा उठायचे, दुसरी बनियनच्या मऊ तुकड्याने आतून बाहेर अशी पुसायचे, उजेडात धरून बघायचे, मग घालायचे. तेवढ्यात माझ्या सासूबाई चहा फिरवायच्या. त्यांना सगळी चाळ माय म्हणायची, मीही मायच म्हणायला लागले. त्या पहिल्या गुरुवारी अण्णांनी मला कपाटाजवळ बोलावलं. काचेचं कपाट होतं, वरपासून खालपर्यंत सीड्या, आणि सर्वांत खालच्या कप्प्यात त्याआधीच्या काळातल्या कॅसेटी. प्रत्येकीच्या पाठीवर निळ्या स्केचपेनने आकडा. "काय व पोरी, तुले कोणता पिक्चर आवडस?" असं म्हणून त्यांनी कपाटाची किल्लीच माझ्या हातात दिली. मी एक काढून दिला. तो त्यांनी पंचवीसेक माणसांपुढे लावला आणि जाहीर केलं, की आजचा पिक्चर सूनबाईचा आहे. त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं की हे माझं घर आहे. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

त्या कपाटाला एक रजिस्टर होतं. कुणालाही कुठलीही सीडी न्यायची मुभा होती. नाव, आकडा आणि सही, बस. पुढच्या गुरुवारी परत. कुणी मुलाच्या वाढदिवसाला नेई, कुणी गावाहून बाप आला म्हणून नेई. दुधनीला धरणाच्या कडेला अण्णांचे मित्र सोनवणे काका राहतात. तेही त्याच खात्यात होते, पुढे नोकरी सोडून मासे आणि थोडी शेती करू लागले. ते महिन्यातून एकदा सायकलवर येत, चार सीड्या पिशवीत घालत आणि मासे ठेवून जात. आयुष्यभर भाड्याच्या खोलीत राहिलेल्या माणसाकडे स्वतःची म्हणावी अशी एवढीच एक गोष्ट होती, आणि ती गोष्ट ते सतत दुसऱ्यांना देत असत. देणं हाच त्यांचा तोरा होता.

त्या सगळ्यात त्यांचा स्वतःचा सिनेमा एकच. काळा-पांढरा, एका शिंप्याचा. नवरदेवाचा कोट मापात चुकतो, वरात दारात उभी असते, आणि तो शिंपी नवरदेवाच्या अंगावरच कोट शिवायला घेतो. लग्नानंतर अण्णांनी आणि मायने साक्रीला मिळून पाहिलेला तो पहिला सिनेमा. शिंप्याने सुई ओठात धरली की मायला हसू फुटायचं. पुढे काय होणार ते ठाऊक असल्यामुळे ती प्रसंगाच्या आधीच हसायची, आणि तिचं हसणं बघून सगळं अंगण हसायचं. अण्णा पडद्याकडे बघतच नसत. ते मायकडे बघत. माय गेल्यावर वर्षभर त्यांनी ती सीडी लावली नाही. मग एका गुरुवारी लावली, सुईचा प्रसंग आला, कुणीच हसलं नाही, आणि अण्णा म्हणाले, "आता हसायला पाहिजे होतं." मग सगळे हसले, डोळे पुसत.

आम्ही चाळ सोडून सिल्वासातच आमलीला फ्लॅट घेतला तेव्हा अण्णा गावी गेले होते. त्यांच्या चुलतभावाचं दहावं होतं. फ्लॅट लहान, सामान जास्त. मला बैठकीची खोली मोकळी हवी होती, भिंतीवर नवा मोठा टीव्ही हवा होता, आणि ते कपाट त्या भिंतीला शोभेल असं मला वाटत नव्हतं. महेश म्हणाला, "कपाट टाक हवं तर. सीड्या ठेव, अण्णा आल्यावर बघू." मी म्हटलं, "हा प्लेअर बिघडला तर दुसरा कुठे मिळतो आता? सगळं टीव्हीवर असतं. महिन्याचे पैसे भरले की हवं ते बघा." तो कामावर गेला. मी खालून जाणाऱ्या भंगारवाल्याला हाक मारली. त्याने सीड्या गोणीत ओतल्या… तो आवाज मला आजही आठवतो. कॅसेटी गेल्या, सीडी प्लेअर गेला, वर ठेवलेलं रजिस्टरही रद्दीत गेलं. मला हलकं वाटलं. खरं सांगायचं तर मी तेव्हा स्वतःवर खूश होते.

अण्णा गावाहून आले, पिशवी खाली ठेवली आणि त्या भिंतीकडे बघत उभे राहिले. "कपाट?" त्यांनी विचारलं. मी घाईघाईने सांगितलं, की अण्णा, आता त्याची गरज नाही, यात सगळे सिनेमे आहेत, तुमच्या कपाटात होते त्याच्या शंभरपट. त्यांनी फक्त विचारलं, "रजिस्टर ठेवलंस ना?" मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "बरं." आणि हातपाय धुवायला गेले. एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं.

पण मग मी त्यांचा शिंप्याचा सिनेमा शोधून काढला. तो खरंच तिथे होता, आणि त्यांच्या सीडीवर होता त्यापेक्षा कितीतरी स्वच्छ. सुईसुद्धा लखलखत होती. अण्णा खुर्ची पुढे ओढून बसले. "अगं, त्याच्या मागे घड्याळ आहे भिंतीवर! इतकी वर्षं दिसलंच नाही." मी जिंकले होते. त्यांनी महिन्याभरात रिमोट शिकून घेतला. इलेक्ट्रिशियनच तो. दर गुरुवारी दुपारी जेवण झालं की ते एकटेच तो सिनेमा लावायचे, अर्धा बघायचे, अर्ध्यावर थांबवून स्वतःसाठी चहा ठेवायचे, मग उरलेला. दुसरी सीडी घालायची सवय जात नाही, असं म्हणायचे.

त्यांना काही गोष्टी मात्र पटत नसत. एकदा सोनवणे काका मासे घेऊन आले. अण्णा मला म्हणाले, "याला आपला पिक्चर द्यायचाय. कसा देऊ?" मी म्हटलं, देता येत नाही. "म्हणजे? मी पैसे भरतो ना?" मी म्हटलं, अण्णा, ते आपण बघण्याचे भरतो. त्यांनी जरा विचार केला. "मग तो आपला नाही. भाड्याचा आहे." मी हसून म्हटलं, तसंच समजा. "आणि मालकाने खोली खाली करायला सांगितली तर?" सोनवणे काका हसले, मीही हसले. पुढे पुढे त्या सिनेमाच्या मध्ये जाहिराती यायला लागल्या. नको असतील तर वरची योजना घ्या, असं पडद्यावर यायचं. अण्णा पडद्याशी भांडायचे, "अरे, तिकीट काढून आत बसलोय ना मी!" मग आमच्या मुलीने तिच्या कार्टूनसाठी दुसरं काहीतरी घ्यायला लावलं, क्रिकेटसाठी महेशने तिसरं. कशात काय आहे ते माझ्याच लक्षात राहत नसे. मीच वैतागायचे, पण अण्णांसमोर कधी कबूल करायचे नाही. कपाट मी काढलं होतं ना.

एका गुरुवारी संध्याकाळी मी कामावरून दमून आले. कारखान्यात तपासणीचे दिवस होते, साहेबांनी चार माणसांसमोर मला बोलून घेतलं होतं. अण्णा दाराशीच उभे. "वैशाली, पिक्चर सापडत नाही गं. दुपारपासून शोधतोय." मी चपला न काढता रिमोट घेतला, नाव टाकलं, आला नाही. परत टाकलं. माझं डोकं फिरलं होतं. मी म्हटलं, "अण्णा, तुम्हीच काहीतरी दाबलं असणार. किती वेळा सांगितलं, नको तिथे बोटं घालू नका. उडवलात ना!" आवाज चढला होता माझा. मुलगी आतून बाहेर येऊन बघायला लागली. अण्णा म्हणाले, "मी फक्त…" आणि थांबले. रिमोट माझ्या हातात होता, त्याच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "असेल. चष्मा नव्हता लावला."

तीन-चार दिवसांनी ऑफिसात बोलता बोलता एक मैत्रीण म्हणाली, की तिच्या आवडीची मालिका अशीच गायब झाली. कंपन्यांचे आपसांतले करार संपले की ते काढून टाकतात, आपल्याला कुणी विचारत नाही, सांगतही नाही. मी जेवणाच्या सुट्टीत फोनवर बघितलं. तो शिंप्याचा सिनेमा कुणालाच दिसत नव्हता. तिथे स्वच्छ लिहिलं होतं, की हा चित्रपट आता उपलब्ध नाही. म्हणजे अण्णांनी काहीही दाबलं नव्हतं. रिमोटवरून तसलं काही पुसताच येत नाही, हे मला तेव्हाही कळायला हवं होतं.

त्या संध्याकाळी घरी जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. "अण्णा, तुमची चूक नव्हती." चार शब्द. मी बसमध्ये ते जुळवलेही होते. पण ते बोलले असते तर पुढचं वाक्यही बोलावं लागलं असतं, की तुमच्या कपाटात तो कायमचा होता आणि तो मी गोणीत घालून दिला. महेश म्हणाला असता, मी सांगत होतो ना. मी दार उघडलं, अण्णा वर्तमानपत्र वाचत होते, त्यांनी विचारलं, "दमलीस का?" मी हो म्हटलं आणि आत गेले. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं. मग रविवारी. मग ते राहूनच गेलं. राहून गेलं हेही खोटंच… मी राहू दिलं. महेशने एकदा विचारलं, की अण्णांचा तो सिनेमा कसा काय उडाला? मी म्हटलं, "दाबलं असेल काहीतरी." त्यालाही मी तेच सांगितलं. माहीत असून.

त्यानंतर अण्णांनी रिमोट हातात घेणं सोडलं. तो फळीवर ठेवून दिला. हाय टेन्शनच्या पॅनेलमध्ये हात घालणारा माणूस, बातम्या लावायच्या तरी विचारायला लागला, "लावतेस का गं?" मी घरात नसले तर तसेच बंद टीव्हीसमोर बसून राहायचे. मुलगी शाळेतून आली की ती लावून द्यायची. मला ते दिसत होतं. दिवसेंदिवस दिसत होतं.

एकदा सोनवणे काका आले होते. मी स्वयंपाकघरात चहा टाकत होते. बाहेर काका म्हणाले, "लाव ना रे तुझा शिंपी, आलोय तर बघून जातो." मग अण्णांचा आवाज, अगदी हळू. "तो गेला. चूक मन्ही शे, भाऊ. मन्हा हात चुकना." काका म्हणाले, "असा कसा गेला? पोरीला विचार, ती आणेल परत." आणि अण्णा म्हणाले, "नको. तिला आधीच माझ्यामुळे त्रास झाला." चहा उतू गेला. मी गॅस बंद केला, ओटा पुसला, परत पुसला. भिंतीच्या पलीकडे एक म्हातारा माणूस आपल्या मित्रासमोर माझ्या खोटेपणाची माफी मागत होता आणि मी चार पावलं चालून बाहेर गेले नाही. कपात चहा ओतून ट्रे मुलीच्या हाती पाठवला.

त्याच सुमारास त्यांनी मला विचारलं होतं, "या टीव्हीच्या सिनेमावाल्या कंपनीचा पत्ता काय असेल गं?" मी म्हटलं, "त्यांचा पत्ता नसतो अण्णा. सगळं ऑनलाइन." ते म्हणाले, "एवढी मोठी कंपनी आणि पत्ता नाही?" मी कपडे वाळत घालत होते. का विचारताय, हे मी विचारलं नाही.

ते का विचारत होते ते मला तेराव्यानंतर कळलं. महेशने त्यांच्या पेन्शनचे कागद काढायला सांगितले म्हणून मी त्यांची फाइल उघडली. त्यात रेघांच्या कागदावर लिहिलेला एक अर्ज होता. कारखान्यात रजेचा अर्ज लिहितात तसा, समास सोडून, सुवाच्य अक्षरात. वर 'प्रति, मा. व्यवस्थापक साहेब' आणि त्याखाली पत्त्यासाठी तीन ओळी कोऱ्या. विषय, चुकून पुसला गेलेला चित्रपट परत मिळणेबाबत. मी तो इथे जसाच्या तसा देते.

"महोदय, मी वामन सुका भामरे, निवृत्त इलेक्ट्रिशियन, विनंती अर्ज करतो की, गुरुवारी दुपारी माझे हातून रिमोटचे चुकीचे बटन दाबले गेल्याने आपले कंपनीचा एक चित्रपट पुसला गेला आहे. यात माझे मुलाची अगर सुनेची काही चूक नाही. सदर चित्रपट माझी पत्नी हयात असताना तिचे आवडीचा होता. तरी मेहरबानी करून तो परत टाकावा. माझ्यामुळे तो इतर गावच्या लोकांनाही दिसेनासा झाला असल्यास मी त्यांची माफी मागतो. यापुढे मी रिमोटला हात लावणार नाही, याची हमी देतो. कळावे."

खाली सही. मी जमिनीवर बसून तो दोनदा वाचला. सगळ्या देशाचा सिनेमा आपण पुसून टाकला, असं वाटून तो माणूस किती दिवस त्या खुर्चीत बसला असेल… आणि मी त्याच्या पाठीमागून रोज येत-जात होते.

महेशला मी त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं. तो रागावेल असं वाटलं होतं. त्याने कागद घेतला, वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. दोन दिवस तो माझ्याशी कामापुरतंच बोलला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "तू बोलली नाहीस, पण मीही उठून एकदा शोधलं नाही. मलाही ते तसंच सोपं होतं." त्यानंतर तो वापीच्या जुन्या बाजारात ती सीडी शोधायला दोनदा जाऊन आला. मिळाली नाही. टीव्हीवरही तो सिनेमा परत आलेला नाही. येईलही कधी, तसाच जाईलही. आपल्या हातात काही नाही.

मग मी दुधनीला गेले. सोनवणे काका अंगणात जाळं दुरुस्त करत बसले होते. मी त्यांच्यासमोर बसून पहिल्यापासून सांगितलं. गोणी, रजिस्टर, मैत्रिणीचं बोलणं, त्या दिवशीचा चहा. ते सुई चालवत ऐकत होते. मी थांबले तरी त्यांची सुई चालूच होती. मी म्हटलं, "काका, काहीतरी बोला." त्यांनी जाळं मांडीवरून खाली ठेवलं.

"हे मला कशाला सांगतेस, पोरी? त्याला सांगायचं होतं."

मी मान खाली घातली. मग तेच म्हणाले, "सांगितलं असतंस ना, तर तो हसला असता. रागावला नसता. पहिलं काय म्हणाला असता सांगू? म्हणाला असता, बघ, मी बोललो होतो की नाही, मालकाने खोली खाली करायला लावली. आणि साऱ्या खडोलीत सांगत फिरला असता." बोलता बोलता ते स्वतःच हसले, मग त्यांचा चेहरा तसाच राहिला आणि हसू निघून गेलं. निघताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही. मासेही दिले नाहीत. मला ते योग्य वाटलं. गेल्या महिन्यात इतक्या लोकांनी मला न शोभणारं कौतुक दिलं होतं, की कुणीतरी ते न दिल्याने मला नीट श्वास घेता आला.

आमच्या बैठकीत दाराजवळ एक स्विचबोर्ड आहे. फ्लॅटमध्ये आलो तेव्हा अण्णांनी कारखान्याच्या सवयीने प्रत्येक बटणाखाली पांढरी चिकटपट्टी लावून बॉलपेनने लिहिलं होतं, दिवा, पंखा, वायफाय, टीव्ही. येणारे-जाणारे त्याची गंमत करायचे. सिनेमा गेल्यानंतर कधीतरी त्यांनी टीव्हीच्या पट्टीवर दुसरी पट्टी लावली. तिच्यावर लिहिलं आहे, 'टीव्ही. वैशालीला विचारून.' ती मी रोज बघत होते. एकदा एका पाहुणीला ती दाखवून मी हसलेही होते, की बघा, आमच्या घरात माझी किती चालते.

परवा महेशने रंगाऱ्याला बोलावलं. तो माणूस नखाने पट्ट्यांची कडा उचलायला लागला तेव्हा मी त्याला थांबवलं आणि म्हटलं, बोर्ड सोडून बाकी सगळं रंगव. टीव्हीची ती पट्टी जरा वर सरकवून लावली गेली आहे, अर्धी बटणावरच आलेली आहे. टीव्ही लावायचा तर माझ्या नावावरच बोट ठेवून दाबावं लागतं. घरात सगळे आता दुसऱ्या बाजूच्या प्लगवरून लावतात. मी मात्र त्या पट्टीवरच बोट ठेवून लावते.